गाठीची तार

बाबांच्या लाकडी रेडिओला दोन बॅटऱ्या लागायच्या, एक छोटी आणि एक नव्वद व्होल्टची. मोठी बाजारातून गायब झाली, तेव्हापासून रेडिओला आईची फुलदाणी डोक्यावर घेणं एवढंच काम उरलं. आज मी नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकमेकींत अडकवून नव्वदची बेरीज जमवली. "दोन बॅटऱ्यांच्या तारांची अदलाबदल झाली तर आतले सगळे बल्बसारखे व्हॉल्व्ह उडतील, मग थेट भंगारात," दादा म्हणाला. तारा दोन्ही सारख्याच काळ्या पडलेल्या. एकीला मात्र गाठ होती. "गाठीची मोठ्या बॅटरीला," आई म्हणाली. "तिचा शॉक बसल्यावर ह्यांनी मारली ती गाठ." "नक्की?" दादाने विचारलं. "अरे, मीच समोर हसत उभी होते!" मी तारा जोडेपर्यंत तिने फुलदाणी उचलून दादाच्या हातात दिलीसुद्धा. बटण फिरवलं, रेडिओ खाकरला आणि बातम्या सांगू लागला. दादा अजून फुलदाणीसाठी दुसरी जागा शोधतोय.