एक प्रबंध कमी

"तीनशे दहा," गायत्रीनं तिसऱ्यांदा मोजलं. यादीत तीनशे अकरा होते.

सोमवारी अकरा वाजता महाविद्यालयाच्या डिजिटल ग्रंथालयाचं उद्घाटन होतं. धाराशिवच्या या ग्रंथालयातले सगळे प्रबंध आता कुणालाही, कुठूनही वाचता येतील, असं ग्रंथपाल म्हणून तिनंच निमंत्रणात छापलं होतं. आज शनिवार उजाडला तरी एक प्रबंध कपाटात नव्हता.

सहायक बालाजीनं जुनी देवघेवीची वही तिच्यापुढं उघडून धरली. "मॅडम, हे बघा. २०११ला नेलाय. परत आलाच न्हाय."

नेणाऱ्याची सही तिला लांबूनही ओळखता आली असती. कल्याणप्पा सर. तिच्या आधीचे ग्रंथपाल. आणि प्रबंधही त्यांचाच होता, १९९८चा. भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या गावांतली वाचनालयं, हा विषय.

"स्वतःचाच प्रबंध घरी नेऊन ठेवलाय?" बालाजी हसला. "नवं सॉफ्टवेअर तर कुणी कुणाच्या प्रबंधातनं मजकूर उचललाय ते लगेच दाखवतंय म्हणं."

गायत्री हसली नाही. तिनं सरांना फोन लावला.

"राहू दे की गं तो एक," सर म्हणाले. "एकानं काय बिघडतंय?"

"सर, सगळे म्हणून छापलंय."

पलीकडून फोन बंद झाला.

डबा तसाच राहिला. ती कपाटांमधून दोनदा उगाच फिरून आली, पुन्हा खुर्चीत बसली, पुन्हा उठली. शेवटी बालाजीला सांगून तिनं मुरूमची एसटी पकडली.

खिडकीबाहेर तुरीची शेतं मागं पडत होती. तिला आठवत होतं, तिची पहिली नोकरी सरांनीच दिली होती. पुस्तकाच्या नोंदीच्या तालिकापत्रावर एक स्वल्पविराम चुकला म्हणून त्यांनी तिच्याकडून अख्खं पत्र पुन्हा लिहून घेतलं होतं. असा माणूस चोरी करेल?

तिनंही चौदा वर्षांपूर्वी पीएच.डी. केली होतीच की, तान्हं मूल सांभाळत. मार्गदर्शक वीरभद्र सर देवमाणूस. तिची ओढाताण बघून त्यांनी आपल्या जुन्या दौऱ्यांच्या टिपणांची फाईलच तिच्या हातात ठेवली होती. टिपणं इतकी नेटकी होती, की फार बदलावंही लागलं नाही. आता वीरभद्र सर हयात नव्हते. कष्ट करणाऱ्याला असं कुणीतरी भेटतंच, मग दुसऱ्याचं उचलायचं कशाला?

आणि तिला एकदम आठवलं. कल्याणप्पा सरांचा प्रबंध बघू का, असं तिनं तेव्हा विचारलं होतं. वीरभद्र सर म्हणाले होते, "त्यात तुझ्या कामाचं काही नाही. नको उघडूस." म्हणजे कल्याणप्पा सरांनी कुठूनतरी उचललंय, हे त्यांनाही माहीत असणार.

मुरूमला दार गिरिजाबाईंनी, सरांच्या बायकोनं उघडलं. ये म्हणाल्या, पण एरवीसारखा तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही.

कल्याणप्पा सर पलंगावर बसले होते. कपाळावरचं भस्म घामानं पुसट झालं होतं.

"सर, प्रबंध न्यायला आलेय."

"हरवला म्हणून लिही. दंड भरतो म्या."

"खोटं लिहू? तुम्हीच शिकवलंत ना, वहीत खोटं लिहायचं नाही?"

सरांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. "लोकं बोलतात गायत्री. एवढ्या वर्षांचं नाव एका दिवसात मातीत जातं."

"मग ते आधी कळायला पाहिजे होतं." बोलून गेल्यावर तिचा तिलाच आवाज अनोळखी वाटला. "नियम सगळ्यांना एकच, सर. तुम्हालाही."

"दुसऱ्या कुणाच्या प्रबंधाशी जुळला, तर काय करशील?"

"कळवीन. विद्यापीठाला, लेखी."

"कुणाशीबी जुळला तरी?"

"कुणाशीही."

"साकु!" गिरिजाबाई स्वयंपाकघराच्या दारातनं कानडीत कडाडल्या. "बास झालं आता. द्या तिला. चौदा वर्षं झाकून ठिवलंत, काय मिळालं? उलट ऐकून घ्यायलाव."

सर उठले. ट्रंकेच्या तळातून त्यांनी निळ्या पुठ्ठ्याचा प्रबंध काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि तिच्या हातात दिला.

"एक ऐकशील? तूच स्कॅन कर. बालाजीकडं देऊ नकोस. आधी वाच, मग काय करायचं ते कर. म्या काय म्हणणार न्हाय."

गायत्रीला त्यांच्याकडं बघवलं नाही. ती पाया न पडताच निघाली.

रविवारी ग्रंथालय बंद होतं. तिनं एकटीनंच कुलूप काढलं, स्कॅनर सुरू केला. येताना आणलेला चहा निवून गेला. पान ठेवायचं, झाकण लावायचं, उचलायचं. सरांचं म्हणणं तिला आठवत होतं, पण वाचायचं धाडस होत नव्हतं. नव्वद पानं तिनं नुसतीच उलटली.

चौऱ्याण्णवाव्या पानावर मात्र नजर अडकली. माकणीचा एक लोहार पत्र्याच्या शेडमधल्या वाचनालयात बसून सांगत होता, 'घर पडलं तवा डोळ्याला पानी आलं न्हाय. पर वाचनालयाचं कपाट ढिगाऱ्यातनं वर काढलं, तवा मातुर...'

पान तिथंच संपलं होतं. गायत्रीनं पुढचं पान उलटलं नाही. पुढचं वाक्य तिला पाठ होतं. तोंडी परीक्षेत तिनं तेच वाचून दाखवलं होतं, स्वतःच्या प्रबंधातून.