लाल रेघ

काकांनी पांढरी भुकटी फवारली आणि टेबलावरच्या दोन्ही चकत्या पांढऱ्याफटक पडल्या. आता नुसती वाट बघायची. पोलादाला कुठे तडा असेल, तर त्यात आधी मुरवलेला लाल रंग भुकटीतून वर येतो. केसाएवढा तडाही लपत नाही.

ती हात पाठीमागे धरून उभी होती. आज तिला कशालाच हात लावायची परवानगी नव्हती. छोट्या विमानाच्या ब्रेकच्या या चकत्या तिनेच तपासल्या होत्या, निर्दोष ठरवल्या होत्या आणि परत बसवल्या होत्या. आठवडा उलटायच्या आत तेच विमान उतरवताना तिचे वडील धावपट्टी ओलांडून पलीकडच्या दगडाच्या खाणीत गेले.

"बस जरा," काका म्हणाले. ते कार्यशाळेचे प्रमुख, वडिलांचे जुने दोस्त. "सकाळपासून उभी आहेस."

"ठीक आहे मी."

अपघाताच्या आधी तपासणीचा हुकूम सगळ्यांनाच आला होता. या बनावटीच्या चकत्यांना तडे जातात, तेव्हा चाकं उघडून बघितल्याशिवाय एकही विमान उडवायचं नाही. कार्यशाळेचा स्वतःचाही एक जुना दंडक होता. घरच्या माणसाचं विमान घरच्याने तपासायचं नाही. माया डोळ्यांवर येते. वडील तिथल्याच धावपट्टीवर विमान चालवायला शिकवत आणि त्यांचं विमान कायम काकांच्याच हाताखालून जाई. या खेपेला मात्र ती हट्टाला पेटली. वडिलांचे डोळे दगा देऊ लागले होते, महिनाअखेर त्यांचं उडणं बंद होणार होतं. "शेवटची तपासणी आहे, काका. एवढी मला करू द्या." काकांचा नाइलाज झाला. "पण त्याला कळू देऊ नकोस," ते म्हणाले होते. "चामडी सोलेल माझी."

तिने कळू दिलं नव्हतं.

अपघाताच्या सकाळी वडिलांनी विद्यार्थ्याला घरी पाठवलं. आज एकटाच एक फेरी मारून येतो, म्हणाले. जाताना घराची किल्ली तिच्या अवजारांच्या पेटीवर ठेवली.

"बाबा, किल्ली विसरताय."

"असू दे तुझ्याकडे. माझ्या खिशाला भोक आहे."

त्यांच्या खिशाला नेहमीच भोक असायचं. ती हसली होती.

विमान धावपट्टीच्या मधल्या रेषेवर अलगद टेकलं. पण वेग उतरेना. मनोऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "ब्रेक, सर, ब्रेक!" वडिलांचं उत्तर सगळ्यांनी ऐकलं. वर्गात बोलावं तसं ते बोलले होते. "दाबतोय. लागत नाहीयेत." विमान त्या रेषेवरूनच गेलं, रेषा संपेपर्यंत.

आईने तिला एकदाच विचारलं होतं, तेही भांडी विसळता विसळता, पाठमोरी. "तुझ्याकडून काही राहिलं नव्हतं ना गं?"

"नाही, आई."

आईने नळ मोठा केला. त्यानंतर दोघी एका घरात राहत होत्या, एवढंच.

ब्रेकच्या नळ्या, तेल, पेडल, सगळं शाबूत निघालं होतं. राहिल्या होत्या या चकत्या. रात्ररात्र ती देव पाण्यात घालून बसली होती. तडा नसू दे. माझ्या हातून बाबा गेलेले नसू देत. बाकी काहीही असू दे.

चौकशी अधिकारी बाई भिंग घेऊन वाकल्या. एक चकती बघितली, मग दुसरी. उलटून परत बघितल्या. भुकटी पांढरीच होती.

"तडा नाही," त्या म्हणाल्या. "ब्रेक चांगले होते." मग आणखी काही बोलणार होत्या, पण तिच्याकडे बघून थांबल्या. "पुसून ठेवा. मी फोन करून येते."

काका खुर्चीत कोसळल्यासारखे बसले. तोंडावर हात घेऊन रडले. "सुटलीस गं पोरी. आधी आईला फोन कर. म्हणावं, माझ्या हातून काही झालं नाही."

तिच्या छातीवरचा दगड उतरला. पहिल्यांदाच पोटभर श्वास आला. तिने फडकं घेतलं आणि चकती पुसायला लागली. भुकटीखालून पोलाद वर आलं. स्वच्छ, चंदेरी.

तिचा हात थांबला.

भरधाव विमानाचा ब्रेक जिवाच्या आकांताने दाबला, की चकती तापून निळी पडते. तो निळा डाग कशानेही जात नाही. हे तिला वडिलांनीच शिकवलं होतं, ती शाळेत असताना, इथेच, याच टेबलाशी. तिने दुसरी चकती पुसली. तीही चंदेरी. तिने बसवली होती तशीच.

दाबतोय, म्हणाले होते. घरच्यांना अपघात वाटावा म्हणून म्हणाले होते. ब्रेक काकांनी तपासलेत, काका खंबीर आहेत, ठपका आला तरी निभावून नेतील, असं धरून चालले होते.

खिशातली किल्ली तिच्या मांडीला टोचत होती.

"फोन लावू का मी?" काकांनी डोळे पुसत विचारलं. "ती वाट बघत असेल."

आई आधी रडेल. मग विचारेल, मग झालं कसं?

तिने टेबलावरची लाल रंगाची बाटली उचलली.

"आता परत कशाला?" काका म्हणाले. "झालं ना सगळं?"

"नीट दिसलं नाही, काका," ती म्हणाली, आणि चकतीवर पुन्हा लाल रंग ओतून, एक तरी रेघ उमटू दे, असं पुटपुटत वाट बघू लागली.