कॅफेतला दुखवटा

लातूर आता पॅरिस झालं, असं विनोदनं जाहीर केलं आणि पिठाच्या गिरणीशेजारच्या फ्रेंच कॅफेत दाजींना बसवलं. बहीण जाऊन चौदा दिवस झाले होते. मेहुण्यानं दाजींना हॉटेलात नेऊन दुखवटा मोडायचा, ही त्यांच्याकडची रीत. बायको गेल्यापासून दाजी एकदाही रडले नव्हते, याचीच विनोदला धास्ती. खुर्च्या मात्र फ्रेंच पद्धतीनं रस्त्याकडं तोंड करून मांडलेल्या. दाजी दिसताच ओळखीचे लोक गाड्या लावून शेजारी बसू लागले. "लई वाईट झालं." "व्हय. झोपेतच गेली," दाजी म्हणत. कुणी काहीच मागवेना. आठवा माणूस टेकला तेव्हा कॅफेवाल्या मुलीलाही राहवेना. "काका, काकू कशा होत्या हो?" दाजींचे ओठ हलले. विनोदनं रुमाल काढला. सारे पुढं सरकून बसले. "पोरी," दाजी म्हणाले, "माणसं वाढायलीत. एखादी सतरंजी हाय का गं?"