एका ठेक्यातल्या टाळ्या

डॉ. वसुधा टिल्लूंच्या खांद्यांवर निवृत्तीची शाल पडली आणि टाळ्या सुरू झाल्या. सभागृहातल्या चारशे जणांच्या, अगदी तिसऱ्या रांगेतल्या त्यांच्या लेकीच्याही छातीत वसुधाताईंनीच घडवलेलं हृदय होतं. अडखळलं, की शेजारच्या हृदयाचा ठेका उचलून सावरणारं.

"काय शिस्तीत वाजवताहेत, मॅडम!" निवेदक कौतुकानं म्हणाला.

खरंच, चारशे जणांची टाळी छातीतल्या ठेक्यावर एकदम पडत होती. वसुधाताई रांगांवरून भराभर नजर फिरवू लागल्या. सगळी हृदयं एकाच हृदयामागे चालली होती, पण कुणाच्या?

पहिल्या रांगेतल्या थकलेल्या दामूअण्णांची टाळी मंदावली आणि पाठोपाठ सगळ्यांचीच.

"अश्लेषा, पळ तिथून!" त्या लेकीकडे बघून किंचाळल्या.

अण्णांची मान कलली. त्यांची रांग गप्प झाली, मग दुसरी. तिसऱ्या रांगेतली अश्लेषा अजून आईकडे बघून हसत टाळ्या वाजवत होती.