घरी लावशील ती दे

फराळाचे ताट मांडीवर घेताना मैनुद्दीनांचे अनवाणी पाऊल फरशीवरून गेलेल्या एका जाड काळ्या वायरीवर पडले. त्यांनी संकोचाने पाय मागे घेतला. मग, आपण काय करीत आहोत हे पुरते ध्यानात येण्याआधीच, तळवा पुन्हा त्या वायरीवर टेकवला.

वायर गार होती.

कात्रजच्या या नव्या घरातला माधवरावांचा हा पहिलाच पाडवा. सुताराचे काम अर्धे राहिलेले, स्वयंपाकघरातली बटणे बसायची होती, म्हणून उल्कावहिनींनी ओव्हन दिवाणखान्यातच आणून मांडला होता. आत नानखटाई फुलत होती. ही तिसरी खेप, असे वहिनी म्हणाल्या होत्या. ओव्हनच्या काचेजवळ हात नेववत नव्हता, आणि त्याला वीज पुरवणाऱ्या एक्स्टेन्शन बोर्डाची ती वायर मात्र माठाच्या बुडासारखी थंड.

कसबा पेठेत मैनुद्दीनांच्या घरी, अमिनाबींच्या पलंगाशी, ऑक्सिजनचे यंत्र अहोरात्र चाले. पत्नीच्या श्वासाचा आता तोच आधार होता. पलंगाजवळच्या भिंतीत पॉइंट नव्हता, म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड आणावा लागला. त्याची वायर सकाळी कोमट असे. दुपारपर्यंत ती अशी तापे की हात लावताच मागे घ्यावा. मैनुद्दीनांनी मध्यंतरी माधवरावांच्या विजेच्या सामानाच्या दुकानात जाऊन तसे सांगितलेही होते. माधवराव म्हणाले होते की यंत्र चालते म्हणजे वायर तापायचीच, चुलीवरची कढई कधी गार राहिली आहे का? त्यावर दोघेही मनमोकळे हसले होते.

ती बोर्डाची वायर घेताना मैनुद्दीनांनी किंमत विचारली नव्हती, कंपनी विचारली नव्हती. दुकानदार शाळेपासूनचा मित्र असला म्हणजे माणूस जे एकच वाक्य उच्चारतो, तेवढेच ते बोलले होते: तुझ्या घरी लावशील ती दे. माधवरावांनी फळीवरून खोका काढला, आमच्या घरीही हीच आहे असे म्हणाले, आणि वर फुंकर घालून धूळही झटकून दिली होती.

मैनुद्दीनांनी हातातली चकली ताटात ठेवली.

"वहिनी, ही वायर आपल्या दुकानातलीच ना?"

उल्कावहिनी ओव्हनच्या काचेतून आत डोकावत होत्या. "छे हो, मैनुद्दीनभाई. घरासाठी हे दुकानातलं काही आणतील तर शपथ. बुधवार पेठेत जाऊन चांगली जाड, तांब्याची बघून आणतात. मी म्हणते, अहो, स्वतःचं दुकान असताना? तर म्हणतात, तो माल गिऱ्हाइकांचा."

आणि त्या हसल्या. घरातली ती जुनी थट्टा असावी. सांगताना त्यांच्या मनात काहीच नव्हते.

माधवराव चहाचे कप घेऊन दारात उभे होते. त्यांनी सारे ऐकले होते, हे त्यांच्या पावलांनीच सांगितले. ती उंबऱ्यावरून पुढे येईनात.

"अरे, तुझं यंत्र केवढंसं," ते अखेरीस म्हणाले. "त्याला असला दांडगा बोर्ड लागत नाही. हवा तर हाच घेऊन जा. आत्ता काढून देतो."

"राहू दे," मैनुद्दीन म्हणाले. "नानखटाई कच्ची राहील."

वहिनी एकाकडून दुसऱ्याकडे पाहू लागल्या. मैनुद्दीनांनी तोवर घरी फोन लावला होता. त्यांना कमी ऐकू येई, त्यामुळे पलीकडचा आवाज साऱ्या खोलीला ऐकू जाईल असाच फोन ते नेहमी लावीत. सून आलिमा बोलू लागली. मैनुद्दीनांनी तिला एकेक गोष्ट सावकाश समजावून सांगितली. पलंगाजवळचा बोर्ड आधी बंद करायचा, मग काढायचा. यंत्राला चाके आहेत, ते ओढत बाहेरच्या खोलीतल्या भिंतीच्या पॉइंटशी न्यायचे. नळी लांब आहे, पलंगापर्यंत पुरेल. तेवढा वेळ अम्मीला निभेल, तिला उगाच घाबरवायचे नाही.

"पण अब्बा," आलिमा गोंधळून म्हणाली, "आत्ता कशाला एवढं? तो बोर्ड माधवकाकांनी दिलाय ना?"



"हो," मैनुद्दीन म्हणाले. "म्हणूनच काढ."

आलिमाने फोन कोठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग बटणाचा खटका. इतका वेळ तिच्या बोलण्यामागे चाललेली यंत्राची घरघर थांबली. फरशीवर चाके करकरली, आणि त्या करकरीतून हळूहळू दुसराच एक आवाज वर आला. अमिनाबींना जाग आली होती. त्यांचा श्वास उथळ होता, खरखरीत होता. प्रत्येक श्वास पुढच्या श्वासाची वाट चाचपडत असल्यासारखा. मैनुद्दीनांनी फोन फराळाच्या ताटाशेजारी ठेवून दिला. उल्कावहिनी पदर तोंडाशी धरून फोनकडे पाहत राहिल्या. माधवरावांनी हातातले कप खाली ठेवले नाहीत.

"काय झालं गं?" दुरून, तुटत तुटत, अमिनाबींचा स्वर आला. "बंद पडली का मशीन? घाबरू नकोस, बाळा. माधवभाऊंना फोन लाव. ते... लगेच येतील."