मूळ आवाजासह

"ही डावी बाजू. ही उजवी. हा तळ. चिकटपट्टी शाबूत," निवृत्त खरेदी अधिकारी बायकोच्या मोबाइलच्या कॅमेऱ्याला सांगत होते. मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून उभा केला होता. टेबलाच्या एका अंगाला ते, समोर बायको, मधे पार्सल. पार्सलात बायकोचं कानाचं मशीन होतं. म्हणजे असायला हवं होतं.

कात्री उचलली आणि त्यांचा सूर बदलला. "आता बघू या, हिच्या अकलेवर किती टक्के सवलत मिळालीय. डोळे-कान उघडे ठेवून खरेदी करावी म्हणतात. हिच्याकडे मुळात निम्माच माल." चेहरा त्यांनी अगदी प्रेमळ ठेवला होता. बायकोने मान डोलावली. "यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं. ती निदान मान तरी डोलवत नाही."

बारा वर्षांपूर्वी बायकोचं ऐकणं गेलं आणि त्यांचं बोलणं सुटलं. तिला काही सांगायचं असलं की ते ओरडून सांगत. तिच्याविषयी काही म्हणायचं असलं की हळू आवाजात, तिच्या समोरच. यात काही गैर आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. पाठीमागे बोलणाऱ्या माणसांचा त्यांना तिटकारा होता.

इमारतीत त्यांना 'दक्षता विभाग' म्हणत. जिन्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरात सूचना लावल्या होत्या. ओटीपी कुणालाही सांगू नका. कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, ॲपमधूनच घ्या. पार्सल व्हिडिओ काढल्याशिवाय उघडू नका. फसलेल्या माणसाविषयी त्यांना दया नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्याला दोन्ही बूट डाव्या पायाचे आले, तेव्हा ते मयताला गेल्यासारखे त्याच्याकडे जाऊन बसले आणि तासभर अक्कल शिकवून, चहा पिऊन आले.

पार्सलात डबी निघाली. वायर निघाली. सात भाषांतलं माहितीपत्रक निघालं. डबीत मशीनच्या आकाराचे दोन खड्डे होते आणि दोन्ही रिकामे होते.

बायकोचा चेहरा उतरला. ती घरी शिकवणी घेई. अकरा मुलं होती, त्यांतली चार उरली होती. मुलं वहीत तोंड खुपसून शंका विचारत आणि बाई वेगळ्याच गणिताचं उत्तर देत. गेल्या आठवड्यात एका आईने तोंडावरच सांगितलं होतं, "बाई, राग मानू नका. हा महिना बघते, नाहीतर दुसरीकडे घालते." उरलेल्या तिघांच्या आया तिच्याच मैत्रिणी होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक आली आणि आईच्या मोबाइलवर तक्रारीचा अर्ज उघडून बसली. मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत होती. खाली अट होती : पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ, मूळ आवाजासह. काटछाट केलेला व्हिडिओ ग्राह्य धरला जाणार नाही.

अधिकाऱ्यांनी अट दोनदा वाचली. मग आयुष्यात प्रथमच त्यांनी एका विक्रेत्याला माफ केलं.

"जाऊ दे ना," ते म्हणाले. "भरताना राहिलं असेल बिचाऱ्याचं. आपण दुकानातून घेऊ, याहून भारी."

लेक बघतच राहिली. "बाबा, वास येतो म्हणून तुम्ही खोडरबर परत पाठवला होतात."

"व्हिडिओत उजेड नीट नाही."

"बघू तर खरं."

व्हिडिओ आपण स्वतःच पाठवतो, असं सांगून ते मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गेले आणि कडी लावून घेतली. तिथे त्यांनी आवाज काढून टाकला आणि मुका व्हिडिओ अर्जाला जोडून पाठवला. सरकारी खात्यात असं चाललं असतं. इथे दोन मिनिटांत उत्तर आलं : व्हिडिओ नामंजूर, मूळ प्रत पाठवा.

साडेचार वाजले. लेकीने दार वाजवून मोबाइल मागून घेतला, बाहेर आणून टेबलावर ठेवला आणि मूळ व्हिडिओ लावला. डावी बाजू आली, उजवी आली, तळ आला. मग पुढचं सगळं आलं. भिंतीपर्यंत येईतो लेकीचा चेहरा लाल झाला होता. तिने व्हिडिओ थांबवला.

"बाबा, हे तुम्ही आईच्या तोंडावर बोलता?"

"हळू बोललोय," अधिकारी म्हणाले. त्यांना खरोखरच अन्याय झाल्यासारखं वाटत होतं. "तिला दुखवायचं असतं तर ओरडून नसतो बोललो?"

बायकोने पुढे होऊन मोबाइल उचलला. चष्मा सारखा केला. 'पैसे परत' सोडून 'बदली वस्तू हवी' यावर खूण केली, होता तसा व्हिडिओ जोडला आणि पाठवला. पाचला दहा मिनिटं कमी होती. या वेळी उत्तर आलं ते तक्रार मंजूर झाल्याचं. मशीन तीन दिवसांत येणार होतं.

"आलं की पहिल्यांदा घरात लाव," लेक आईकडे तोंड करून सावकाश म्हणाली. "काय काय चालतं ते कळू दे तुला."

"शिकवणीपुरतं लावेन," बायको म्हणाली. "घरात कशाला? बारा वर्षं ह्यांचे ओठ वाचतेय. कानात काही घालून ऐकावं असं एकही वाक्य अजून आलेलं नाही."