फाटक्या आवाजाची मोटार

"दिवस मावळायच्या आत हा आवाज बिलकुल बंद पाहिजे," असं म्हणून निजामाच्या पोलिसांचे फौजदार, अमीनसाहेब, भुजंग मिस्त्रीच्या दुकानात खोक्यावर बसले ते बसलेच.

त्यांची काळी मोटार अख्खं जालना डोळे मिटून ओळखायचं. धुराचा पाइप इंजिनाला जिथं आवळतात, तिथल्या एका स्टडच्या, म्हणजे बिनडोक्याच्या बोल्टाच्या, भोकातले आटे पार झिजून गेल्ते. नट कितीही आवळा, स्टडच गरागरा फिरायचा. मंग पाइप ढिला आणि मोटारीचा नुसता फडफडाट.

"चार गावं पालथी घातली," साहेब म्हणाले. "चूल पेटलेली, तव्यावर भाकरी, आणि माणूस गायब! दोन कोसांवरून गाडी ऐकू येते. कोण बसंल थांबून?"

"कुणाला धरायचंय साहेब?" भुजंगनं पान्याकडं बघत विचारलं.

"तीर्थपुरीचा काकासाहेब. करोडगिरीचा जकातनाका जाळून फरार झालाय. तोंड अजून बघितलं न्हाई मी त्याचं. टेंभुर्णीत लपलाय, पक्की खबर आहे."

भुजंगनं पाना उचलून फडक्यानं पुसायला घेतला. काकासाहेब त्याचा सख्खा थोरला भाऊ. भुजंग सहा वर्षांचा असताना बाप गेला. काकासाहेबानं त्याला खांद्यावर वागवला, हाताला धरून जालन्यात कामाला लावला. त्याच्यासमोर भुजंग अजून बाजेवर बसत नव्हता, वर मान करून बोलणं तर लांबच. हे नातं इथं कुणाला ठाऊक नव्हतं. इथं तो नुसता भुजंग मिस्त्री. आणि आता ज्या आवाजानं भावाला इतके दिवस वाचवलं, तोच आवाज त्यानं आपल्या हातानं बंद करायचा! काय म्हणावं या नशिबाला?

"उद्या दिली तर?" त्यानं विचारून बघितलं.

"उद्या तुझ्या दुकानाला कुलूप," साहेब शांतपणे म्हणाले. त्यांनी शिपायाला दारात उभं केलं. "गाडी निघेपर्यंत इथून कुणी हलायचं न्हाई."

तेवढ्यात भुजंगची बायको नंदाबाई भाकरी घेऊन आली. शिपायानं तिला आत सोडलं, पण बाहेर जाऊ देईना. ती बिचारी पदर नाकापर्यंत ओढून, भिंतीकडं तोंड करून कोपऱ्यात बसली. आता बाहेर निरोप धाडायची वाटही बंद झाली.

भुजंगनं पाइप सोडवला. त्याच्या हातून पाना दोनदा पडला. सारखं लक्ष रस्त्याकडं. झिजलेलं भोक गिरमिटानं मोठं करायचं, त्यात नवे आटे पाडायचे, पितळेचं बुश, म्हणजे आतून-बाहेरून आट्यांची नळी, बसवायचं आणि बुशात नवा स्टड. एरवी याला तो दीड दिवस घ्यायचा. आज मात्र वारं प्यालेल्या बैलासारखा कामाला भिडला.

"दुसरे स्टडही बघून घे," साहेब म्हणाले. "मला इथं बसायला हरकत न्हाई."

"चांगले हायेत साहेब. बराबर हायेत," भुजंग घाईनं म्हणाला. त्याच्या कपाळावरून घामाची धार लागली होती.

आठ दिवसांपासून त्याच्या हाताखाली एक मुका माणूस होता. भुजंग त्याला रखमा म्हणायचा. कामात अगदीच ठोंब्या. गिरमिटाचा दांडा फिरवतानाही त्याची मनगटं भरून येत. भोक मोठं झालं तसं भुजंगनं त्याच्या हातात आटे पाडायचं हत्यार दिलं आणि स्वतः बुश घासायला घेतलं.

अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, असं फिरवायचं असतं. नाहीतर आत कीस दाटतो आणि हत्यार मोडतं. रखमा मागं घेईचना. नुसता पुढं रेटत राह्यला. करकर आवाज आला.

अमीनसाहेबांनी मान वर केली. ते उठून जवळ आले आणि रखमाच्या हातांकडं बघत राहिले.

"मिस्त्री, हा माणूस कधीपासून आहे तुझ्याकडं?"

 भुजंगनं रखमाच्या खाडकन थोबाडीत लगावली. पाचही बोटं गालावर उठली.

"फुकटखाऊ! चार घरं भीक मागून वाढलेलं मुकं हे, साहेब. आठ दिवस झाले शिकवून, पण डोक्यात दगड भरलेत! हत्यार मोडलं असतं तर काय तुझा बाप देणार होता?"

"अगं बाई!" नंदाबाईनं तोंडावर हात दाबला. 

साहेबांना हसू फुटलं. "पुरे पुरे. मुकं जनावर आहे, मरंल उगीच." ते पुन्हा खोक्यावर जाऊन बसले.

पुढचे आटे भुजंगनं स्वतः पाडले. बुश बसलं, स्टड बसला, नट आवळला. स्टड जागचा हलला न्हाई. पाइप इंजिनाला घट्ट चिकटला. इतकं चोख काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि त्याच हाताची त्याला शिसारी आली होती.

हँडल मारलं. मोटार सुरू झाली, पण शिवणयंत्रासारखी नुसती घरघर. दारातल्या शिपायालाही ती चालू झालेली कळली न्हाई.

"शाब्बास!" साहेबांनी पाठ थोपटली. "आता सापडतोय काकासाहेब."

"सापडंल साहेब," भुजंग कसाबसा म्हणाला.

दिवस अजून हातभर वर होता. काळी मोटार गुपचूप टेंभुर्णीच्या वाटेला लागली. ती वळणाआड जाईपर्यंत भुजंग दारात उभा होता. मंग त्यानं दार लोटून घेतलं, आत आला, आणि एकदम रखमाच्या पायावर डोकं ठेवून लहान लेकरासारखा हमसून रडायला लागला. 

"उठ, भुजंगा," मुका रखमा गाल चोळत म्हणाला. "आपल्या बापानं बी मला कधी एवढ्या जोरात मारली न्हवती."